बाजारपेठेचा गौरव, पण कोणत्या मापाने?

शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह यांना आपल्या सार्वजनिक जीवनात मोठे मोल आहे. शिक्षक, साहित्यिक, कीर्तनकार आणि मल्ल यांचे सत्कार पूर्वीपासून होत आले. आता त्या पंगतीत व्यापारी आणि उद्योजकही येऊन बसले आहेत. बाजारपेठेला ऊर्जितावस्था आली की तालुक्याच्या गावी समारंभ होतो, 'रत्न' व 'भूषण' अशा पदव्या दिल्या जातात, आणि पेठेच्या भरभराटीचे श्रेय काही व्यक्तींच्या पदरी पडते. यात वावगे काही नाही. नोकरी हीच प्रतिष्ठा मानणाऱ्या मराठी समाजात दुकानदाराच्या कष्टाला मान मिळत असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न एवढाच की, हा गौरव कोणत्या मापाने मोजावयाचा?

जुन्नर तालुक्यापुरते बोलावयाचे तर हा प्रश्न नवा नाही. नाणेघाटाच्या वाटेने कोकणातील बंदरांशी होणाऱ्या व्यापारावर सातवाहनकाळी जुन्नर वाढले. तेथील लेण्यांतील शिलालेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान केल्याची नोंद आहे. बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींकडे धर्मादायासाठी ठेवी ठेवल्याचेही उल्लेख आहेत. या लेखांत नाव आले ते संघाचे, आणि तेही नफ्यासाठी नव्हे. सोपविलेले धन तो सांभाळील या विश्वासापायी आणि लोकांसाठी खोदलेल्या टाक्यापायी.

आता घाटवाटेची जागा डांबरी सडकेने घेतली आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन रस्ते जेथे एकमेकांस छेदतात, त्या आळेफाट्याला नावच मुळी फाट्यावरून पडले. जुन्नर बाजार समितीच्या उपबाजारांत आळेफाटा कांद्यासाठी आणि नारायणगाव टोमॅटोसाठी प्रसिद्ध झाले. अशा ठिकाणी एखादे दुकान भरभराटीस आले, तर त्याच्या मालकाचे कर्तृत्व असतेच. परंतु त्यात रस्त्याचा, कालव्याच्या पाण्याचा आणि पहाटे माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचाही वाटा असतो. शिवाय अर्थशास्त्राच्या दृष्टीने आणखी एक भेद महत्त्वाचा ठरतो. गिऱ्हाईक खरोखर वाढले, की एका पेठेतून उठून दुसऱ्या पेठेत गेले? फाट्यावरील गल्ला भरला आणि जुन्या गावपेठेतील फळ्या पडल्या, तर तालुक्याच्या एकूण संपत्तीत फारशी भर पडली असे म्हणता येत नाही.

अमेरिकेतील लहान शहरांना हा अनुभव पूर्वीच आला. महामार्ग आणि शहराबाहेरील मोठी विक्रीकेंद्रे यांमुळे गावातील मुख्य रस्ता ओस पडू लागला, तेव्हा तेथील ऐतिहासिक वास्तूंचे जतन करणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने 1977 मध्ये तीन लहान शहरांत पुनरुज्जीवनाचा प्रयोग सुरू केला आणि 1980 मध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्र स्थापले. संघटन, प्रसिद्धी, जुन्या वास्तूंची डागडुजी आणि व्यापाराची आर्थिक घडी ही त्या कार्याची चार अंगे होत. पुढे त्या चळवळीने पुरस्कारही सुरू केले. पण ते एखाद्या दुकानदाराला न देता उभ्या पेठेला दिले जातात.

आपल्याकडे असा गौरव करावयाचा तर निवड समितीत शेतकरी, हमाल आणि आठवड्याच्या बाजाराला येणाऱ्या स्त्रिया असाव्यात. त्यांनी विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. वजनकाटा खरा आहे काय? मालाची पट्टी वेळेवर मिळते काय? फळे व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असा बदल राज्य शासनाने 2016 मध्ये केला. तो पट्टीत उतरतो काय? पेठेत पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे काय? कामगाराला वेतन आणि सुट्टी मिळते काय? ज्या पेठेला या प्रश्नांची बरी उत्तरे देता येतील, तिने सन्मानचिन्ह अवश्य मिरवावे.

या प्रश्नांची खरी कसोटी आळेफाट्यापासून पूर्वेला, आणे घाट चढून गेल्यावर लागते. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी तालुक्याचा सखल भाग हिरवा केला. आणे, नळवणे, पेमदरा यांचे पठार मात्र उंचावर असल्याने त्या पाण्यापासून दूर राहिले. पठारावरचा शेतकरी पावसाच्या भरवशावर पेरतो आणि पीक हाती येईतो बियाणे, खत, किराणा उधारीवर उचलतो. पाऊस हुकला की त्याची उधारी थकते. त्या वर्षी दुकानदार व्याज किती लावतो, वहीतले खाते बंद करतो की पुढच्या हंगामापर्यंत थांबतो, यावर एका कुटुंबाचे बिऱ्हाड गावात राहणार की शहराकडे जाणार, हे पुष्कळदा ठरते. समारंभाच्या व्यासपीठावरून ही वही दिसत नाही.

त्याच आणे गावी पौषात रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीचा महाप्रसाद होतो. मोठमोठ्या कढयांत आमटी शिजते, घराघरांत भाकरी भाजल्या जातात, आणि आलेला प्रत्येक जण जेवून जातो. मसाला कोणी दिला, पीठ कोणी दिले, याची विचारपूस पंगतीत होत नाही. जुन्या श्रेणींची ही परंपरा ज्या तालुक्यात अजून जिवंत आहे, तेथील बाजारपेठेने आपल्या गौरवासाठी बाहेरचे माप शोधावयास नको.