अ‍ॅक्सेसची फाइल अपुरी पडायला लागते तेव्हा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी विहिरींच्या पाण्याच्या नोंदी ठेवायला मी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस वापरायला लागलो. एकट्यापुरतं ते झकास होतं. पुढे लॅबमधले आणखी दोघं त्याच फाइलमध्ये नोंदी भरू लागले. एका दुपारी नोंद सेव्ह होत असतानाच वायफाय गेलं आणि फाइल उघडेचना. बॅकअप दोन दिवस जुना होता. मधल्या सगळ्या नोंदी फील्डच्या वहीवरून पुन्हा भरल्या. वही होती म्हणून निभावलं.

असं का होतं? अ‍ॅक्सेसचा डेटा एका फाइलमध्ये असतो. फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली तरी ती वाचण्या-लिहिण्याचं काम प्रत्येकाचा कॉम्प्युटर नेटवर्कवरून स्वतःच करतो. त्यामुळे एकाचं कनेक्शन मध्येच तुटलं, तर सगळ्यांची फाइल बिघडू शकते. शिवाय फाइलला 2 जीबीची मर्यादा आहेच.

पोस्टग्रेससारख्या सर्व्हर डेटाबेसमध्ये फाइलला हात लावतो तो फक्त सर्व्हर. आपण क्वेरी पाठवायची, तो उत्तर देतो. प्रत्येक बदल तो आधी लॉगमध्ये लिहितो, म्हणून वीज गेली तरी नोंद एक तर पूर्ण राहते, नाही तर अजिबात नाही. अर्धवट काही उरत नाही. आणि पोस्टग्रेस मोफत आहे.

आता स्थलांतर. आमचा क्रम असा होता:

1. मूळ फाइलची प्रत काढून बाजूला ठेवली. त्या दिवसापासून जुन्या फाइलमध्ये भरणं बंद.

2. टेबलं सर्व्हरवर नेली, पण फॉर्म अ‍ॅक्सेसमध्येच ठेवले आणि ओडीबीसीने सर्व्हरवरच्या टेबलांना जोडले. भरणाऱ्यांना पडदा तोच दिसतो. मात्र प्रत्येक टेबलाला प्रायमरी की हवी, नाही तर जोडलेलं टेबल फक्त वाचता येतं.

3. ऑटोनंबरचा पुढचा आकडा सर्व्हरवर जुन्या सर्वांत मोठ्या क्रमांकापुढे नेऊन ठेवला. हे विसरलात तर पहिलीच नवी नोंद नाकारली जाईल.

4. प्रत्येक टेबलातल्या ओळी, आकड्यांच्या बेरजा, पहिली आणि शेवटची तारीख दोन्हीकडे ताडून पाहिल्या.

हे सगळं जुळलं आणि मी निश्चिंत झालो. तिथेच चुकलो. 'विहिरीला कठडा आहे का?' हा रकाना अ‍ॅक्सेसमध्ये हो/नाही प्रकारचा होता. त्या प्रकारात रिकामी जागा राहतच नाही. काही भरलं नाही, की 'नाही' धरलं जातं. म्हणजे 'कठडा नाही' आणि 'पाहायचं राहिलं' या दोन वेगळ्या गोष्टी आमच्याकडे एकच झाल्या होत्या. पोस्टग्रेसमध्ये ही जागा रिकामी ठेवता येते, पण जुन्या 'नाही'मधले खरे कोणते, हे सर्व्हर कसं सांगणार? पुन्हा वही काढली. जिथे वहीतही उल्लेख नव्हता, तिथे रकाना रिकामा केला आणि विश्लेषणात त्या विहिरी वगळल्या.

म्हणून सांगतो, आकडे जुळले म्हणजे डेटा नीट आला, एवढंच सिद्ध होतं. तो खरा आहे की नाही, हे प्रत्येक रकान्याला स्वतंत्रपणे विचारावं लागतं. आणि सर्व्हर आला म्हणून बॅकअप आपोआप होत नाही. रोज घ्या, आणि एकदा तरी त्यावरून डेटाबेस पुन्हा उभा करून बघा. फील्डची वही मात्र टाकू नका.