ओळखीच्या चालींची इंग्रजी गाणी

नांदेडचं कुसुम सभागृह असो की लातूरचं दयानंद सभागृह, कराओकेची मैफल जमली की गाण्यांची यादी साधारण ठरलेली असते. किशोर, रफी, मुकेश. मध्येच एखादं सुधीर फडके, नाहीतर अरुण दाते. गाणारे पन्नाशीच्या आगेमागे. कुणी बँकेत, कुणी डॉक्टर, कुणी प्राध्यापक, कुणाची मोंढ्यात आडत. सगळ्यांचा सराव मोबाइलवरच्या ट्रॅकवर झालेला असतो आणि तो चांगला झालेला असतो. इंग्रजी गाण्याचं नाव काढलं की मात्र “आपल्याला कुठं जमतंय ते” म्हणत माईक शेजारच्याकडे जातो. मला हे पटत नाही. या पिढीनं इंग्रजी गाणी आयुष्यभर ऐकली आहेत, तोंडपाठ केली आहेत. चाल इंग्रजी होती, शब्द हिंदी होते.

याची सुरुवात आपल्याच माणसानं केली, असं म्हणायला हरकत नाही. पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे चिक चॉकलेट यांच्यासारखे गोव्याचे वादक त्यांनी जवळ केले आणि १९४७ च्या ‘शहनाई’पासून ट्रम्पेट-सॅक्सोफोन खेड्यापाड्यांत पोचवले. १९५७ च्या ‘आशा’मधलं ‘ईना मीना डीका’ म्हणजे किशोरकुमारच्या गळ्यातून आलेलं रॉक अँड रोल. त्याच्या आदल्याच वर्षी ओ. पी. नय्यर यांनी ‘सी.आय.डी.’मध्ये मुंबईचं ते प्रसिद्ध गाणं केलं. त्याचा मुखडा एकोणिसाव्या शतकातल्या ‘ओ माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ या अमेरिकन गाण्यावरचा. पुढं तर रांगच लागली. ‘भूत बंगला’तलं मन्ना डे यांचं ट्विस्ट चबी चेकरच्या १९६१ च्या गाण्यावरून आलं. ‘जानवर’मध्ये शम्मी कपूर ज्या चालीवर नाचला ती बीटल्सची. ‘झुक गया आसमान’मधलं ‘कौन है जो सपनों में आया’ हे एल्व्हिस प्रेस्लीचं ‘मार्गरिटा’. ‘शोले’तल्या ‘मेहबूबा’मागे डेमिस रूसोस, तर ‘हम किसीसे कम नहीं’मधल्या ‘मिल गया हमको साथी’मागे आबा या बँडचं ‘मामा मिया’. मूळ गाणी काढून एकदा शांतपणे ऐका. मुखडा सुरू झाला की पुढची ओळ कुठं वळणार हे कानाला आधीच माहीत असतं. नवीन शिकायचे ते फक्त शब्द.

या सगळ्यांत एक गाणं मला आपल्याकडच्या गायकांसाठी सर्वांत जवळचं वाटतं. १९९० च्या ‘जुर्म’मध्ये राजेश रोशन यांनी केलेलं आणि कुमार सानू व साधना सरगम यांनी गायलेलं ‘जब कोई बात बिगड जाए’. त्याशिवाय कराओकेची संध्याकाळ सहसा पार पडत नाही. त्याचं मूळ ‘फाइव्ह हंड्रेड माइल्स’. हे गाणं हेडी वेस्ट या अमेरिकन गायिकेच्या नावावर आहे. पीटर, पॉल अँड मेरी या त्रयीनं १९६२ च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये ते गायलं आणि ते जगभर गेलं. इंदीवरांनी हिंदीत जोडीदाराची साथ मागितली आहे. मूळ गाण्यात जोडीदार नाहीच. आगगाडीनं घरापासून लांब लांब चाललेला एक माणूस आहे. खिशात दमडी नाही, अंगावर धड कपडे नाहीत, आणि अशा अवस्थेत घरी परत जाण्याची त्याला लाज वाटते आहे. नोकरीसाठी पुण्याला, मुंबईला, हैदराबादला गेलेली माणसं मराठवाड्यात घरटी सापडतील. ऊसतोडीला जाणारी तर दर हंगामाला जातात. हात हलवत गावाकडं कसं जायचं, या विचारानं दिवाळीलाही शहरात थांबलेला कुणी ना कुणी आपल्या ओळखीचा असतोच. ते गाणं म्हणताना उच्चार थोडे इकडेतिकडे झाले तरी अर्थ चुकणार नाही. चाल संथ आहे, सूर फार वर जात नाहीत, आणि तीच तीच ओळ पुन्हा येत असल्यामुळं पाठ करायला शब्दही थोडेच आहेत. इंग्रजीची सुरुवात करायची तर इथूनच करावी.

पुढची निवड आपल्या गळ्याकडं बघून करावी. ज्याला हेमंतकुमार जमतात त्याला जिम रीव्ह्ज जमतो. तोच भरदार, खालचा, माईकजवळून हळू बोलल्यासारखा आवाज. त्याचं ‘ही’ल हॅव टू गो’ शिकून बघा. मुकेश गाणाऱ्यानं जॉन डेन्व्हरचं १९७१ चं ‘कंट्री रोड्स’ घ्यावं. किशोर गाणाऱ्याला तर घर सोडायचंच नाही: किशोरदांचं यॉडलिंग जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन यांच्या तबकड्या ऐकून आलेलं आहे. सुरेश वाडकरांचे चाहते ‘परिंदा’तलं ‘तुमसे मिल के’ गातातच; लिओ सेयरचं १९७० च्या दशकातलं ‘व्हेन आय नीड यू’ त्यांना परकं वाटणार नाही.

स्केलबद्दल मात्र हट्ट नको. ही मूळ गाणी बहुतेक विशी-तिशीतल्या पोरांनी गायलेली आहेत. ब्रायन अ‍ॅडम्सचं ‘समर ऑफ सिक्स्टी नाइन’ रेकॉर्डच्या पट्टीत गायला गेलं की पन्नाशीतला आवाज दुसऱ्या कडव्यातच फाटतो. कराओकेच्या अ‍ॅपमध्ये पट्टी उतरवायची सोय असते. दोन-तीन सूर खाली घ्या, लय तीच राहते. हिंदी गाण्याला काळी दोन की पांढरी चार हे आपण पेटीवर आधी तपासतो ना, तेवढंच इथंही करायचं. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ सर्वांना आवडतं, पण ते सहा मिनिटांहून मोठं आहे आणि शेवटची सुमारे दोन मिनिटं नुसती गिटार वाजते. तेवढा वेळ माईक धरून उभं राहणं अवघड जातं. तिथं ट्रॅक कापून घ्यावा.

उच्चारांची धास्ती सगळ्यांत मोठी, आणि तीच सगळ्यांत निष्कारण. क्लिफ रिचर्डचा जन्म लखनौचा, १९४० चा. एंगलबर्ट हम्परडिंक १९३६ साली मद्रासमध्ये जन्मला. आणि क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फरोख बुलसारा, आपल्या पाचगणीतल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. पहिला बँडही त्यानं तिथंच केला. आबा हा स्वीडनचा बँड, इंग्रजी ही त्यातल्या कुणाचीच मातृभाषा नव्हे. तेव्हा अमेरिकन हेल काढायचा प्रयत्नच करू नये. गाणं आठवडाभर ऐकावं, शब्द देवनागरीत लिहून काढावेत आणि श्वास कुठं घ्यायचा तिथं खूण करावी. उर्दू गझलेसाठी नांदेडची मंडळी नुक्त्यांची जेवढी काळजी घेतात, तेवढी इथं घेतली तरी पुष्कळ झालं.

आमच्याहून थोडी धाकटी मंडळी वेगळ्या वाटेनं आली. १९८१ मध्ये नांदेडला श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं, गावोगावची मुलं वसतिगृहात आली, कॅसेटची अदलाबदल सुरू झाली. १९९१ मध्ये स्टारबरोबर एमटीव्ही आला. त्यांच्यासाठी लायनेल रिचीचं ‘हॅलो’ आणि स्टीव्ही वंडरचं ‘आय जस्ट कॉल्ड टू से आय लव्ह यू’, दोन्ही १९८४ ची, पुरेशी आहेत. ती मुलं आता मुलाबाळांची झाली. त्यांनाही माईक द्यायला हवा.

मैफलीच्या शेवटी हॅरी बेलाफोंटेचं ‘जमैका फेअरवेल’ ठेवावं. १९५६ च्या ‘कॅलिप्सो’ अल्बममधलं हे गाणं सरळ केरव्यात बसतं, तबलजी असेल तर त्यालाही काम मिळतं. एकानं कडवी घ्यावी, ध्रुवपद सभागृहाकडं सोपवावं. शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरात, देवनागरीत दाखवा, म्हणजे मागच्या रांगेतल्या वहिनी आणि काकाही म्हणतील.