केस गेले म्हणजे काही कमी पडले?

जानेवारी २०२५मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून एकच तक्रार येऊ लागली. आधी डोके खाजायचे, मग केस ओढताच हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. पाण्यावर, शाम्पूवर, बुरशीवर संशय घेऊन झाला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले. सेलेनियम प्रमाणाबाहेर वाढलेले आणि जस्त कमी, असा निष्कर्ष मांडून त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. सेलेनियमचा अतिरेक केस आणि नखे घालवतो हे वैद्यकशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक आहे. अमेरिकेत २००८ साली एका पूरक द्रवात ते चुकून सुमारे दोनशे पट पडले, तेव्हा तो घेणाऱ्या कित्येकांचे केस गळाले. केस गळतात म्हणजे शरीरात काहीतरी कमी पडले, हे आपले सोपे गणित इथेच चुकते.

डोक्यावर चट्टे पाडणाऱ्या चाईच्या बाबतीत तर हे गणित आणखी जपून मांडायला हवे. चाई हा स्वप्रतिरक्षेचा आजार आहे. केसाच्या मुळाशी एरवी रोगप्रतिकारक पेशींना मज्जाव असतो. तो उठला की टी-पेशी मुळावर हल्ला करतात आणि रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा उमटतो. त्याच्या कडेला भिंगातून पाहिले तर टोकाला जाड आणि मुळाशी निमुळते झालेले तुटके केस दिसतात. अशा रुग्णांच्या रक्तात ड जीवनसत्त्व आणि जस्त कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. लोहाबाबत मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. ड जीवनसत्त्व रोगप्रतिकारक पेशींना आवर घालते, त्यामुळे हा संबंध निराधार म्हणता येत नाही. पण दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. कमतरतेमुळे हल्ला होतो, की आजारामुळे पातळी उतरते, याचा उलगडा अजून झालेला नाही.

गोळ्या घेतल्या आणि केस आले, असे सांगणारे भेटतात. त्यांचा अनुभव खरा असतो, पण चाईत मूळ मरत नाही. लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरतात. त्यामुळे श्रेय गोळीचे की काळाचे, हे एका माणसावरून ठरत नाही. मग गोळीआधी तपासणी करा म्हटले, तर तपासण्या महागड्या, गोळी स्वस्त, असा आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मात्र अ जीवनसत्त्वाचा अतिरेकही केस घालवतो आणि बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉईडचे अहवाल चुकू शकतात. चाईच्या काही रुग्णांना थायरॉईडचा विकारही असतो, तेव्हा असा चुकीचा अहवाल परवडणारा नाही.

म्हणून चट्टा दिसताच आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. डॉक्टर सांगतील त्या मोजक्या तपासण्या कराव्यात आणि जे कमी निघेल तेवढेच, ठरावीक मुदतीपुरते, भरून काढावे. कमतरता भरून काढणे हे प्रकृतीसाठी आवश्यकच आहे. पण तो चाईचा उपचार नव्हे. त्या नादात खरा उपचार लांबणीवर पडू देऊ नये.