वसुली एजंटला पैसे कोण देतं? थकलेल्या हप्त्यामागचं कमिशनचं गणित

क्रेडिट कार्डाचं बिल थकलं की फोन सुरू होतात. पलीकडचा माणूस अनेकदा बँकेचा नसतो, एजन्सीचा असतो. एजन्सीची कमाई साधारणपणे वसुलीवरच चालते. जमा झालेल्या रकमेवर ठरलेले टक्के. काहीच जमा झालं नाही, तर कमिशनही नाही.

टक्केवारी सरसकट नसते. हप्ता थकून ३०, ६० की ९० दिवस झाले, यावर खात्याची ‘बकेट’ ठरते. थकबाकी जितकी जुनी, तितकी वसुली अवघड आणि टक्का जास्त. समजा ५० हजार थकलेत, तुम्ही ३० हजारांत सेटलमेंट केली आणि टक्का २० आहे, तर एजन्सीला ६ हजार मिळतील. महिनाअखेरीला एजंटचा आवाज का चढतो, ते इथे कळतं. टार्गेट!

हे कमिशन बँक देते. त्यामुळे कुणी ‘व्हिजिट चार्ज’ रोख मागितला, तर तो कर्जाच्या करारात कुठे लिहिलाय ते विचारा. पैसे थेट कर्जखात्यातच भरा.

एजंटांना गैरवर्तनाला उद्युक्त करणारे करार नकोत, असं रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच बँकांना बजावलं होतं. २०२२च्या परिपत्रकानुसार सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. एजंट चुकला तरी जबाबदारी बँकेचीच. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही मोफत.