प्रशिक्षण ‘उत्तम’ झालं, पुढे?

प्रशिक्षण संपता संपता चहा-बिस्किटांबरोबर एक कागद हाती येतो : सत्र कसं वाटलं? घरी जायची घाई असते, प्रशिक्षक समोरच उभे असतात. ‘उत्तम’वर खूण होते आणि एचआरच्या अहवालात कार्यक्रम यशस्वी ठरतो.

गैरसमज : लोकांना आवडलं, म्हणजे ते शिकले.
अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्येच मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : प्रतिक्रिया, शिकणं, कामातलं वागणं आणि परिणाम. आपला कागद पहिल्याच पायरीवर बसून राहतो. 1997 मध्ये अ‍ॅलिगर आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आवडण्याचा आणि शिकण्याचा संबंध फारच क्षीण निघाला. ‘हे तुमच्या कामात उपयोगी पडेल का?’ हा प्रश्न त्यातल्या त्यात बरा. निदान तेवढा तरी फॉर्मवर छापा.

गैरसमज : शेवटच्या दिवशीच्या चाचणीत पास, म्हणजे काम झालं.
सकाळी ऐकलेलं संध्याकाळी आठवतंच. हीच चाचणी दोन महिन्यांनी, न सांगता घ्या.

गैरसमज : नंतर उत्पादन वाढलं, म्हणजे श्रेय प्रशिक्षणाचं.
त्याच महिन्यात नवी मशीन आली असेल, सोपी ऑर्डर मिळाली असेल, कटकट्या सुपरवायझरची बदली झाली असेल! प्रशिक्षण न मिळालेल्या तशाच माणसांशी तुलना केल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही.

गैरसमज : संवाद, वेळेचं नियोजन असली कौशल्यं मोजता येत नाहीत.
येतात. बेंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत अच्युता अध्वर्यू, नम्रता काला आणि सहकाऱ्यांनी ती मोजली. शिलाई करणाऱ्या बायकांसाठी असलेल्या या कौशल्यांच्या प्रशिक्षणाला ज्यांनी नावं दिली, त्यांच्यातूनच लॉटरीने निवड झाली. त्यामुळे ‘मुळात हुशार होत्या त्याच आल्या’ ही शंका उरली नाही. ‘कसं वाटलं’ यावर निकाल लावला नाही. शिलाईच्या कामाचे आकडे पाहिले. कार्यक्रम संपून सहा महिने झाले, तेव्हा निवड झालेल्या बायकांची उत्पादकता इतरांपेक्षा 13.5 टक्क्यांनी जास्त होती.

गैरसमज : शिकवलं की माणसं नोकरी सोडून जातात.
मालकांची ही आवडती सबब. या कारखान्यांत नोकरी सोडण्याचं प्रमाण वाढलं नाही.

गैरसमज : फायदा झाला, म्हणजे सगळ्यांचाच झाला.
परिणाम मोजताना ‘कोणासाठी?’ हे सहसा कोणी विचारत नाही. या संशोधकांनी पगाराच्या नोंदीही तपासल्या. 13.5 टक्के जास्त काम देणाऱ्या या बायकांची मजुरी वाढली होती सुमारे 0.5 टक्का.