भोपाळची हॉकी : अकादमी आहे, पण गल्लीतली पोरं कुठायत?

भोपाळ : २०१३ साली अकोल्यातल्या एका स्पर्धेत इटारसीकडचा एक पोरगा अशोककुमार यांच्या नजरेत भरला. त्यांनी त्याला भोपाळच्या राज्य हॉकी अकादमीत आणलं. तोच विवेक सागर प्रसाद. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिम्पिकमध्ये कांस्य. सरकारी पैसा आणि जाणता प्रशिक्षक मिळाला की खेळाडू घडतो, हे अकादमीवाल्यांचं म्हणणं खोटं नाही.

मग जुने शौकीन कुरकुरतात कशाला? त्यांना अस्लम शेर खान आठवतो. १९७५च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध बरोबरीचा गोल त्याचा. वडील अहमद शेर खान १९३६च्या बर्लिनचे सुवर्णपदकविजेते. ही हॉकी घराघरातून, मोहल्ल्यातल्या मातीवरून वर आली.

खरी मेख इथंच आहे. १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी कृत्रिम गवतावर गेली. एका टर्फला कोट्यवधी लागतात, वर पाण्याचा खर्च वेगळा. गल्लीतल्या क्लबला कसं झेपणार? मातीवर शिकलेल्या पोराला टर्फवरचा वेग, पास, दमसास नव्यानं शिकावा लागतो. अकादमीच्या निवडीत तो तिथंच मागं पडतो. प्रशिक्षक बदलून हे सुटत नाही.

नुसत्या वरच्या पैशाचं काय होतं, तेही भोपाळनं पाहिलंय. २०१२च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत भोपाळ बादशाह संघ उतरला, समीर दाद कर्णधार. लीग एकाच हंगामात आटोपली.

तेव्हा शौकिनांनी नवा संघ मागण्यापेक्षा, सरकारी टर्फ संध्याकाळी दोन तास मोहल्ल्यातल्या पोरांना फुकट द्या, असं म्हणावं. ते स्वस्तही पडेल.