लिस्बन ते हेलसिंकी : अंतर एक, वेळा दोन

लिस्बन आणि हेलसिंकी या युरोपच्या नैऋत्य आणि ईशान्य कोपऱ्यांतल्या राजधान्या. त्यांच्या विमानतळांमधले कमीत कमी अंतर सुमारे ३,३६५ किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मात्र ही वाट सापडत नाही. नकाशाकार मर्केटरने १५६९ साली खलाशांसाठी काढलेल्या पद्धतीच्या नकाशावर सरळ रेघ म्हणजे होकायंत्राची दिशा न बदलता कापलेली वाट. ती इथे उत्तर आणि पूर्व यांच्या बरोबर मधून, ४५ अंशांनी जाते आणि सुमारे ३० किलोमीटर लांब पडते.

जवळची वाट बघायची तर पृथ्वीगोल घ्यावा आणि दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरावा. हा दोरा महावृत्ताचा, म्हणजे गोलाला बरोबर दुभागणाऱ्या वर्तुळाचा, तुकडा असतो. लिस्बनहून निघताना तो उत्तरेपासून ३३ अंश पूर्वेकडे कललेला असतो. बिस्केचा उपसागर, उत्तर फ्रान्स, नेदरलँड्स, डेन्मार्क ओलांडून हेलसिंकीला टेकतो तेव्हा कल ६० अंशांवर गेलेला असतो. दोरा तर कुठेच वळलेला नाही. प्रत्येक ठिकाणची उत्तर दिशा ध्रुवाकडे रोखलेली असल्याने त्या एकमेकींना समांतर नसतात, एवढेच. प्रत्यक्षातले विमान ठरलेले हवाईमार्ग आणि वादळी ढग पाहून या रेषेच्या थोडे इकडेतिकडे उडते.

जाण्याची वेळ साधारण साडेचार तास, तर परतीची पाचच्या आसपास. हा फरक वाऱ्याचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. ध्रुवीय आणि उष्ण प्रदेशांच्या तापमानांतली तफावत त्याला जोर देते, म्हणून हिवाळ्यात तो अधिक प्रबळ असतो. हवेच्या सापेक्ष ताशी ८३० किलोमीटर वेगाने उडणाऱ्या विमानाला जाताना ताशी ५० किलोमीटरचा वारा पाठीशी मिळाला, तर ३,३६५ किलोमीटरला ३ तास ४९ मिनिटे लागतात. तोच वारा परतताना समोरून आला, तर ४ तास १९ मिनिटे. जाताना वाचलेली वेळ येताना थोडी जास्तच फेडावी लागते, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ अडकते.

घड्याळ आणखी गोंधळ घालते. हेलसिंकीचे घड्याळ लिस्बनच्या दोन तास पुढे आहे. सकाळी दहाला निघालेला प्रवासी तिथे दुपारी साडेचारला उतरतो. संध्याकाळी साडेपाचला परत फिरला, तर लिस्बनला साडेआठला पोचतो. तिकिटावरच्या वेळा वाचून जाताना साडेसहा तास आणि येताना तीनच तास लागतात असे वाटते.

तिकिटावरची वेळ म्हणजे निव्वळ उड्डाणाचीही नव्हे. विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा सगळा काळ तीत धरलेला असतो : धावपट्टीपर्यंतची चाल, रांगेत थांबणे, उतरण्यापूर्वी आकाशात मारलेल्या घिरट्या. लांबच्या प्रवासात हा भाग झाकला जातो, जवळच्या प्रवासात तोच उठून दिसतो. लंडनचे हीथ्रो ते पॅरिसचे शार्ल द गोल हे अंतर जेमतेम ३५० किलोमीटर, पण तिकिटावर सुमारे सव्वा तास. म्हणजे सरासरी ताशी २८० किलोमीटर. याच दोन शहरांमधली युरोस्टार रेल्वे मोकळ्या मार्गावर ताशी ३०० किलोमीटरने धावते आणि साधारण सव्वादोन तासांत प्रवाशांना थेट पॅरिस शहरातल्या गार द्यू नोर स्थानकावर उतरवते.